म्हैसूरची जुनी येझदी की पीथमपूरची नवी जावा? इंदूरकरांनी ठरवायचं कसं

जावा-येझदी मोटरसायकल घ्यायचीच असं मनात पक्कं असेल आणि घर इंदुरात असेल, तर एक गंमत होते. जुनी गाडी म्हैसूरची. तिथे १९६१ पासून बनायची, १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. नवी मात्र आपल्या शेजारची. २०१८ साली जावा हे नाव परत आलं, २०२२ मध्ये येझदी, आणि दोन्ही तयार होतात पीथमपुरात, इथून पाऊण तासावर. गाववाली नवी आहे, तरी जीव अडकतो तो जुनीतच.

का अडकतो, ते गाडी एकदा चालू करून पाहिलं की कळतं. किक आणि गिअर एकाच दांडीवर. किक मारली की तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे. क्लच न दाबताही गिअर पडतो, कारण गिअरची दांडी दाबताना क्लच आतून आपोआप सुटतो. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन, आणि टू-स्ट्रोकचा तो ठोका. नव्या जावा ३५० लाही दोन्ही बाजूंना सायलेन्सर दिलेत, टाकीची ठेवणही तशीच. पण आत ३३४ सीसीचं, पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, सेल्फ-स्टार्ट आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. दिसायला नातेवाईक, स्वभावाने परकी.

रोजच्या वापरात तुलनाच नाही. जुनीचे ड्रम ब्रेक राजवाड्याच्या गर्दीत निभावतात, एबी रोडवर ट्रकच्या मागे छातीत धस्स होतं. पेट्रोल भरताना दर वेळी ऑइल मोजून घालायचं, ठिणगी पाडणारे पॉइंट घासायचे, अधूनमधून सायलेन्सर उघडून कार्बन काढायचा. जाम गेटवरून महेश्वरकडे उतरताना तर विशेष सांभाळा. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी घरंगळत नेली तर इंजिन जोरात फिरतं आणि ऑइल पोचत नाही. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं. मधूनमधून थ्रॉटल उघडत उतरायचं. नवीला हे लाड लागत नाहीत. मात्र ती आडरानात रुसली तर प्लग पुसून चालू होईलच असं नाही. तिच्यात सेन्सर आहेत, आणि ते सर्व्हिस सेंटरवाल्यांनाच कळतात.

कागदपत्रांकडे मात्र नीट बघा, कारण जुनी गाडी घेणारे इंजिनापेक्षा इथेच जास्त अडकतात. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणी पुस्तकाशी, स्वतः पडताळा. हस्तलिखित आरसी असेल तर ती आरटीओच्या ऑनलाइन नोंदीत चढली आहे का, ते आधी पाहा. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, विकणाऱ्यानेच काढून द्यायची, 'बाद में देख लेंगे भिया' चालणार नाही. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपयांत. पण ही पाटी लागली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. साठच्या दशकातली जावा यात बसते. येझदीचं रोडकिंग मॉडेल १९७८ पासूनचं, ते अजून बसत नाही, आणि चालवायची हौस असेल तर ते बरंच आहे म्हणायचं.

आता संगतीचं. जुलैचा दुसरा रविवार जगभर जावा दिवस म्हणून पाळतात. नवी गाडी घेऊन गेलात तर कोणी हाकलणार नाही, पण घोळका जमतो तो जुनीभोवती. तिचे सुटे भाग आजही मिळतात ते या हौशी मंडळींमुळेच. कुणाकडे कार्ब्युरेटर पडून असतो, कुणी रबराच्या वस्तू नव्याने करून घेतो. नवीबरोबर वॉरंटी मिळते. पलासियाच्या सिग्नलवर काच खाली करून 'हमारे पापा के पास थी' असं सांगणारा माणूस जुनीलाच मिळतो. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या लेखी नसेल तर नवी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

घरात एकच दुचाकी राहणार असेल तर निमूट पीथमपूरची घ्या. ॲक्टिव्हा आधीच दारात आहे, गाडी उभी करायला छप्पर आहे आणि टू-स्ट्रोकवर हात बसलेला एखादा उस्ताद ओळखीचा आहे, तरच जुनीचा विचार करा. त्यातही भंगारातून उभी करायची साठच्या दशकातली जावा नको, चालती रोडकिंग बघा. रंग उडालेला चालेल. नुकताच फवारलेला चकचकीत रंग असेल तर टाकीच्या आत टॉर्च मारून गंज तपासा, आणि गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे हातात देऊ नका.