रोटॅक्स ९१२ यूएलएस, १४ महिने आणि १३२ तासांनंतर: इंजिनाबद्दल तक्रार नाही, रबराबद्दल आहे

स्वतः बांधलेल्या माझ्या छोट्या विमानातल्या रोटॅक्स इंजिनाबद्दल सप्टेंबरात हे पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा मी भयंकर चिडलेलो होतो. त्या रात्रीचा मसुदा मोबाईलमध्ये अजून आहे, पण त्यातल्या निम्म्या ओळी चारचौघांत वाचण्याजोग्या नाहीत. आता दीड महिना उलटलाय, इंजिन पुन्हा चालतंय आणि राग बराचसा माझ्या स्वतःवर वळलाय, म्हणून नव्याने लिहितो.

विमान झेनिथचं सीएच ७५०. किट मिसुरीतल्या मेक्सिको नावाच्या गावाहून आणलं आणि इथे ओहायोत, डेटनपासून तासाभरावर, हँगर भाड्याने घेऊन साडेचार वर्षं रिव्हेट मारत बसलो. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची बातमी २०१६ मध्ये वाचली होती, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. त्यांच्यापुढे माझं काम म्हणजे मेकॅनोचा खेळ. भोकं आधीच पाडून येतात. रोटॅक्सचे आकडे या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला पाठ असतात, ते उगाळत नाही.

निवडीबद्दल थोडं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. मला कॉर्व्हेअर हवं होतं. शेवरोलेच्या साठच्या दशकातल्या गाडीचं ते सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. भंगारातून आणायचं, पूर्ण उघडायचं, आपल्या हातांनी बांधायचं. आबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात ऑइल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, त्यामुळे हात शिवशिवत होते. पण घरातून एकच प्रश्न आला: "विमानाला साडेचार वर्षं लागली, आता इंजिनाला किती?" कॉर्व्हेअर गेलं. जबिरू हे ऑस्ट्रेलियन विमान-इंजिनही गेलं, कारण २०१४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने जबिरू बसवलेल्या विमानांवर घातलेली बंधनं मनात बसली होती. कंपनीने नंतर बऱ्याच सुधारणा केल्या हे मान्य, पण एकदा धास्ती बसली की बसली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी शिवकर बापूजी तळपद्यांच्या दंतकथेतलं पाऱ्याचं इंजिन सुचवलं होतं, तो प्रस्ताव राखून ठेवला आहे.

खरी लढत कॉन्टिनेंटल ओ-२०० शी होती. शेजारच्या हँगरमधले आजोबा सेस्ना १५० उडवतात, त्यात हेच इंजिन. त्यांच्या मते रोटॅक्ससारखं ५,५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरतं ते शिवणयंत्र, इंजिन २,७५० च्या वर जाऊच नये. शिवाय प्रमाणित इंजिन आणि त्याला मान्य असलेला प्रोपेलर बसवला तर सुरुवातीचं चाचणी उड्डाण २५ तासांत आटोपतं, नाहीतर ४० तास. म्हणजे १५ तासांचं पेट्रोल. हा मुद्दा मला फार लागला. पण ओ-२०० सगळ्या जोडसामानासकट वीसेक किलो तरी जड पडतं, आणि सीएच ७५० मध्ये वीस किलो म्हणजे वीकेंडचं सामान, तंबूसकट.

गंमत अशी की मी राहतो तिथून जवळच, डेटनला, राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. किमान आठ अश्वशक्तीचं हलकं इंजिन द्याल का, अशी त्यांनी कारखान्यांकडे पत्रं धाडली होती. मनासारखं कोणी देईना. शेवटी दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत साधारण १२ अश्वशक्तीचं इंजिन घडवलं आणि १९०३ मध्ये ते उडालं. म्हणजे इंजिन मिळत नाही ही होमबिल्टवाल्याची रड विमानाच्याही आधीची आहे.

नवं ९१२ यूएलएस वीस हजार डॉलरच्या वर जातं. मी जुनं घेतलं, ९,८०० डॉलरला. वय ९ वर्षं, चाललेलं अवघं १९० तास. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती, दोन हजार तासांनी; त्यातले फक्त १९० झालेले! हिशोब मनातल्या मनात केला आणि इतका खूश झालो की विकणाऱ्याशी घासाघीसही धड केली नाही.

आता रबर.

रोटॅक्सच्या देखभाल पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: तास कितीही होवोत, दर पाच वर्षांनी रबराचं सगळं बदला. पाण्याच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, कार्ब्युरेटर ज्यावर बसतात ती रबरी सॉकेटं, त्यांच्या आतले पडदे (डायफ्रॅम), सगळं. सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर थंड होणारं इंजिन, त्यात तेलाची टाकी वेगळी, दोन कार्ब्युरेटर दोन बाजूंना. त्यामुळे काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं की नळ्यांचं जाळं दिसतं, एखाद्या आयसीयूतल्या पेशंटसारखं. आजोबांच्या ओ-२०० मध्ये नळ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात. ते मला मुद्दाम मोजून दाखवतात.

माझ्या इंजिनाचं पाच वर्षांचं काम कधी झालंच नव्हतं. विकणाऱ्याने लपवलं असं नाही, मी विचारलंच नाही. बसवताना पाण्याच्या आणि तेलाच्या नळ्या बदलल्या, सॉकेटं बदलली. पण पेट्रोलच्या नळ्यांपैकी एक बोटभर तुकडा, वाटणीच्या जोडापासून डाव्या कार्ब्युरेटरकडे जाणारा, तसाच ठेवला. त्यावर आगीपासून वाचवणारी केशरी फायर स्लीव्ह होती, दोन्ही टोकांना पक्क्या पट्ट्या, वरून दिसायला कोरा करकरीत. स्लीव्ह कापून नवी चढवायची म्हणजे एक दुपार आणि चाळीस डॉलर. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष सप्टेंबरात आलं. माझ्या हातात इंजिनाचे ११८ तास झाले होते. सकाळचा रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिन तपासणी, ४,००० आरपीएमवर इग्निशन तपासायला घेतलं. दोनपैकी एक सर्किट बंद केलं की थोडे आरपीएम पडतात, तीनशेपर्यंत चालतं. त्या दिवशी स्विचला हात लावायच्या आधीच सगळं विमान थरथरायला लागलं. रोटॅक्सचा एकेक कार्ब्युरेटर दोन-दोन सिलिंडर सांभाळतो, त्यामुळे एक उपाशी राहिला की अर्धं इंजिन दुसऱ्या अर्ध्याला ओढत नेतं आणि पॅनेलवरचे आकडेही वाचता येत नाहीत. थ्रॉटल मागे घेतला, गुपचूप हँगरकडे परत.

काउल काढलं. या बिंग कार्ब्युरेटरची एक गोष्ट मला मनापासून आवडते: खालची वाटी एका तारेच्या कडीवर असते. कडी बाजूला सरकवली की वाटी पेट्रोलसकट हातात. डब्यातली स्टीलची वाटी धुऊन त्यात ते पेट्रोल ओतलं. तळाशी काळे कण, मोहरीहून बारीक. बोटांत चोळले तर काजळासारखे पसरले. एक कण मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोलच्या मुख्य छिद्राच्या, तोंडाशी नेमका बसलेला. उजवीकडची वाटी स्वच्छ. मग त्या केशरी तुकड्याकडे पाहिलं आणि घाम फुटला, कारण तो फिल्टरच्या पुढे होता. टाकीतला कचरा फिल्टर अडवतो. फिल्टरपुढची नळी आतून झडायला लागली तर मध्ये कोणी नाही. ब्लेडने तुकडा उभा चिरला. बाहेरून कोरा, आतून उन्हाळ्यात भेगाळलेल्या टाचेसारखा.

इथवर चूक माझी. पण सुटे भाग मागवले तिथून दुसरी डोकेदुखी. एका दुकानाकडे, नाव घेत नाही, रबराचा पूर्ण संच मागवला. म्हटलं आता अर्धवट नको. तीन आठवड्यांनी खोकं आलं. पेट्रोलच्या नळीचा आतला व्यास चुकलेला, पडद्यांपैकी एकच पाठवलेला. फोन केला तर म्हणे तुमच्या सिरियल नंबरला हेच लागतं. नंबर वाचून दाखवला, इंजिनावरच्या पाटीचा फोटो धाडला. मग म्हणे परत पाठवा, पण परतीचे वीस टक्के कापू. चूक तुमची आणि कापणार माझे? अकरा ईमेल झाले. चिडक्या मसुद्याची निम्मी लांबी या दुकानाची आहे.

त्याच काळात आबांना व्हिडिओ कॉलवर चिरलेली नळी दाखवली. वाटलं होतं सहानुभूती मिळेल. म्हणाले, "रबराला तास नसतात रे, तारीख असते. पंपाचे वॉशर आपण दर उन्हाळ्याआधी बदलायचो, चांगले दिसत असले तरी. विसरलास काय?" विसरलो नव्हतो. शेतकरी कुरकुरायचे, वॉशर चांगला आहे की मालक, आणि आबा तो डोळ्यांदेखत फेकायचे. तीस वर्षांनी त्या शेतकऱ्याच्या जागी मी उभा होतो.

तर मत बदललंय. सप्टेंबरात लिहिलं होतं की पाच वर्षांचा नियम म्हणजे सुट्या भागांच्या धंद्याची सोय. आता म्हणतो, नियम बरोबर आहे आणि त्याचा खर्च इंजिनाच्या किमतीतच धरायला हवा. रबराचा संच मला ६४० डॉलरला पडला, मजुरी माझी. विमान मी बांधलेलं असल्याने रिपेअरमन सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, वार्षिक तपासणी मीच करतो. कोणाकडून करवून घेणार असाल तर आकडा निराळा. जुनं इंजिन बघायला जाल तेव्हा तासांआधी शेवटचं रबर कधी बदललं ते विचारा आणि पावती मागा.

दुरुस्तीच्या वेळी कार्ब्युरेटरच्या वाटीत तरंगणारे फ्लोटही काढून तोलले. हे फ्लोट पेट्रोल शोषून जड होतात, मग पातळी बिघडते. जोडी सात ग्रॅमच्या आत भरली पाहिजे. घरात सोनं तोलायचा छोटा काटा आहे. डावी जोडी ६.८, उजवी ६.६. काट्याला पेट्रोलचा वास लागला तो अजून गेलेला नाही, आणि त्यावरून ऐकावं लागतं ते वेगळंच.

बाकी इंजिन? खरं सांगू, लाजवाब. दोन्ही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेज लावून सारखे केले की खालच्या आरपीएमची थरथर निघून जाते. दुरुस्तीनंतर चौदा तास झाले, एकदाही अडखळलं नाही. जानेवारीत उणे बाराला मात्र रडवलं. इंजिन साधारण २२० आरपीएमने फिरल्याशिवाय ठिणगीच पडत नाही, आणि गारठलेल्या बॅटरीला तेवढं जमेना. चोकही थ्रॉटल पूर्ण मागे असेल तरच काम करतो, हे कळायला मला दोन सकाळी लागल्या. नंतर हीटर लावून ठेवायला लागलो, प्रश्न मिटला.

आणि ढेकर! ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: तेल वेगळ्या टाकीत असतं, पण इंजिन उभं राहिलं की थोडं क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, साचतं. मग टाकीतलं तेल मोजायची डिपस्टिक खोटं बोलते. म्हणून उड्डाणाआधी इग्निशन बंद आहे याची दोनदा खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवायचा, फिरायच्या दिशेनेच, उलट अजिबात नाही. दहा पाती, वीस पाती, थंडीत चाळीस. आतल्या दाबाने साचलेलं तेल टाकीत ढकललं जातं आणि शेवटी टाकीतून गुडगुड करत मोठा आवाज येतो. आता डिपस्टिक बघायची. पहिल्या महिन्यात खांदा दुखला की मी वैतागायचो. मग एकदा लेक बरोबर आली होती. ओहायोत वाढलेली, घराबाहेर मराठी बोलायला लाजते. आवाज आला तशी ओरडली, "बाबा, त्याला ढेकर आला!" आता ती आली की पाती तीच मोजते, चावी माझ्या खिशात. तिच्या वहीतला विक्रम ४६ पात्यांचा आहे.

पेट्रोलचं सांगायचं राहिलं, आबांचा पहिला प्रश्न तोच होता: ॲव्हरेज किती? ताशी नव्वद मैलांच्या आसपास ४.७ गॅलन जातात. म्हणजे लिटरला आठ किलोमीटर. "जीपएवढंच की," म्हणाले, आणि आवाजात जरा निराशा होती. मी पंपावरचं प्रीमियम कॅन भरून नेतो, विमानतळावरचं शिशाचं पेट्रोल शक्यतो टाळतो. शिशाचा गाळ तेलात आणि गिअरबॉक्सपर्यंत जातो, मग तेल ५० ऐवजी २५ तासांनी बदलावं लागतं. शिवाय मला गॅलनमागे दोनेक डॉलर वाचतात. १३२ तासांत पाचेकशे गॅलन कॅनमधून गेले असतील, म्हणजे हजारभर डॉलर वाचले. त्यातले ६४० रबराने खाल्ले, शंभरेक कॅन आणि पंपाने. आजोबांना हा हिशोब सांगितला तर त्यांनी पुन्हा आपल्या नळ्या मोजून दाखवल्या.

नव्या नळ्या बसवल्याची तारीख काउलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिली आहे, देवनागरीत, आजोबांना वाचता येऊ नये म्हणून. त्या दुकानाकडून ४१ डॉलर अजून यायचे आहेत. बारावी ईमेल आज सकाळी धाडली.