युझर प्रोफाइल विझार्ड: डोमेन बदलताना कर्मचाऱ्याचा संगणक जसाच्या तसा ठेवणारे साधन

वीस-पंचवीस संगणकांचे कार्यालय जुन्या डोमेनवरून (म्हणजे सगळे संगणक आणि खाती एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेवरून) नव्या डोमेनवर न्यायचे असेल, तर सर्व्हरच्या बाजूचे काम त्यामानाने सरळ असते. नवा विंडोज सर्व्हर उभा करावा, त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (खात्यांची मध्यवर्ती नोंदवही) आणि डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी सेवा) बसवावे, कर्मचाऱ्यांची खाती तयार करावीत, एवढे निवांतपणे आधीच उरकता येते. कसोटी लागते ती प्रत्येकाच्या टेबलावर. नव्या डोमेनच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केले की समोर कोरा डेस्कटॉप येतो, आउटलुक नवे खाते मागते, मॅप केलेले, म्हणजे सर्व्हरवरील फोल्डरांना जोडलेले, ड्राइव्ह नाहीसे होतात आणि कर्मचाऱ्याची समजूत होते की आपले सगळे काम गेले. ‘फॉरेन्सिट’ कंपनीचे ‘युझर प्रोफाइल विझार्ड’ हे साधन नेमका हा एक प्रश्न सोडवते, आणि माझ्या मते उत्तम सोडवते. मात्र ते काय करत नाही, हे वापरणाऱ्याने आधी नीट समजून घ्यायला हवे.

कोरा डेस्कटॉप येण्याचे कारण साधे आहे. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला मिळणाऱ्या एसआयडी या लांबलचक क्रमांकाने ओळखते. डोमेन बदलले की नाव तेच ठेवले तरी क्रमांक नवा येतो आणि विंडोज त्याच्यासाठी वेगळे प्रोफाइल, म्हणजे डेस्कटॉप, फायली आणि सेटिंग यांचा संच, तयार करते. जुने प्रोफाइल यूजर्स फोल्डरमध्ये शाबूत असते, पण त्याची दारे जुन्या क्रमांकापुरतीच उघडी असतात. हे साधन फायली इकडून तिकडे हलवत नाही. जुन्या फोल्डरवर आणि त्या वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीवर (विंडोजमधील सेटिंगच्या नोंदींवर) नव्या खात्याला अधिकार देते आणि नव्या क्रमांकाने त्याच फोल्डरकडे जावे अशी नोंद विंडोजच्या प्रोफाइल यादीत करते. फोल्डरचा पत्ता बदलत नसल्यामुळे आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या पीएसटी फायली जागच्या जागी सापडतात. वर्षानुवर्षांच्या मेलमुळे तीस-चाळीस जीबीपर्यंत फुगलेल्या या फायली ज्यांनी हाताने कॉपी केल्या आहेत, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आम्ही हे साधन वापरले ते पुण्यातील एका सीए फर्मसाठी. तिथे लहान कार्यालयांसाठीचा स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ चालू होता. त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता, आणि डोमेनला निवृत्त भागीदाराच्या आडनावाचे, ‘.लोकल’ने संपणारे नाव होते. फक्त सर्व्हरच बदलायचा असता, तर त्याच डोमेनमध्ये नवा सर्व्हर जोडून डोमेन चालवण्याच्या सगळ्या भूमिका ठरलेल्या २१ दिवसांच्या सवलतीत त्याच्याकडे सोपवता आल्या असत्या. पण फर्मला ते नाव नको होते आणि नव्या सर्व्हरला फर्मच्या स्वतःच्या नोंदणीकृत इंटरनेट डोमेनखालील उपडोमेन द्यायचे होते. हा निर्णय मलाही पटला, कारण ‘.लोकल’सारख्या अंतर्गत नावांना सार्वजनिक सुरक्षा प्रमाणपत्रे (एसएसएल) मिळणे २०१५ पासून बंद झाले आहे.

अशा स्थलांतरासाठी मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे एडीएमटी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी मायग्रेशन टूल) हे साधन आहे, परंतु ते दोन डोमेनांमधील परस्परविश्वासाच्या नात्यावर, म्हणजे ‘ट्रस्ट’वर, आधारलेले आहे आणि स्मॉल बिझनेस सर्व्हरला असा ट्रस्ट जोडण्याची मुभाच नाही. शिवाय एडीएमटीला एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस लागतो; वीस माणसांसाठी एवढा सरंजाम मांडणे मला अवाजवी वाटते. दुसरा पर्याय यूएसएमटीचा, म्हणजे वापरकर्त्याच्या फायली व सेटिंग हलवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाचा. त्यात जुन्या खात्याचे नाव नव्या खात्याशी जुळवता येते, पण तो प्रोफाइलमधील निवडक गोष्टी उचलून नव्या प्रोफाइलमध्ये ठेवतो, आणि निवडीत काय सुटले हे कर्मचारी तक्रार घेऊन येईपर्यंत बऱ्याचदा कळत नाही.

विझार्ड चालवणे अगदी सोपे आहे. संगणकावरील प्रोफाइलांच्या यादीतून एक निवडायचे, नव्या डोमेनचे व खात्याचे नाव भरायचे आणि संगणक डोमेनमध्ये जोडण्याच्या पर्यायावर खूण करायची; परवानग्या बदलून झाल्या की यंत्र पुन्हा सुरू होते. लागणारा वेळ फायलींच्या आकारापेक्षा त्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. त्याआधी मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. संगणकाचे डीएनएस नव्या सर्व्हरकडेच वळलेले असावे. तिथे राउटरचा किंवा बाहेरचा पत्ता राहिला, तर डोमेन सापडतच नाही. घड्याळात पाच मिनिटांहून अधिक फरक नसावा, कारण डोमेनमध्ये लॉगिनची ओळख पटवणारी केर्बेरॉस यंत्रणा तेवढाच फरक खपवून घेते. आणि संगणकावरचे स्थानिक प्रशासक खाते चालू असून त्याचा पासवर्ड माहीत असावा, नाहीतर जुने डोमेन सुटले आणि नवे जुळले नाही अशा अवस्थेत यंत्रात शिरायला वाटच उरत नाही. विंडोजची होम आवृत्ती डोमेनमध्ये जोडताच येत नाही, त्यामुळे भागीदारांनी परस्पर विकत घेतलेल्या लॅपटॉपांची चौकशी आधीच केलेली बरी.

या साधनाचा मोठा गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा, आणि अडचणही तिथूनच सुरू होते. प्रोफाइलमध्ये जे आहे ते सगळे ते जसेच्या तसे नव्या खात्याच्या हाती देते, त्यात जुन्या सर्व्हरच्या खुणाही आल्या. स्मॉल बिझनेस सर्व्हरवर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सर्व्हरकडे वळवण्याची सोय असते आणि अनेक कार्यालयांत ती चालूही असते. तो वळवलेला पत्ता वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत लिहिलेला असतो. विझार्ड ती रजिस्ट्री इमानाने पुढे नेतो, त्यामुळे नव्या डोमेनमध्ये गेलेला कर्मचारी ‘डॉक्युमेंट्स’ उघडतो तेव्हा विंडोज जुन्याच सर्व्हरचे दार ठोठावत राहते. यावर उपाय आधीच करायचा असतो: जुन्या डोमेनवर असतानाच, फोल्डर वळवण्याचे धोरण (ग्रुप पॉलिसी) काढून घेतल्यावर फोल्डर स्थानिक जागी परत यावा असा पर्याय निवडावा, प्रत्येकाला एकदा लॉगिन करायला लावावे आणि फायली खरोखर परत आल्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे. स्थलांतराच्या सगळ्या तयारीत मी सर्वांत जास्त वेळ या एका पायरीला देईन.

ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड ही दुसरी गोष्ट. विंडोज ते जुन्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद करते, म्हणून प्रोफाइल आले तरी त्यांच्यावर विसंबता येत नाही. जीएसटी, आयकर आणि बँकांच्या संकेतस्थळांचे डझनावारी पासवर्ड क्रोममध्ये ठेवणाऱ्या सीए फर्ममध्ये हे गंभीर आहे. ते आधी बाहेर काढून सुरक्षित ठेवावेत. आउटलुकही मेलचा पासवर्ड पुन्हा विचारते. याचा दोष साधनाला देणे योग्य नाही, पण ग्राहकाला आधी सांगून ठेवणे हे काम करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

संगणकाबाहेरच्या कशालाही विझार्ड हात लावत नाही. टॅलीच्या डेटाचा मार्ग जुन्या सर्व्हरच्या नावाने लिहिलेला असेल, तर तो बदलावा लागतो. स्कॅन केलेले कागद शेअर फोल्डरमध्ये टाकणाऱ्या झेरॉक्स यंत्रात जुन्या डोमेनचे नाव आणि पासवर्ड भरलेले असतात आणि ते यंत्र कोणाच्याच यादीत नसते. रात्रीच्या बॅकअपचे काम जुन्या प्रशासक खात्याने नेमलेले असेल, तर ते गाजावाजा न करता बंद पडते. सर्व्हरवरील फोल्डरांच्या परवानग्याही नव्याने द्याव्या लागतात. त्या व्यक्तींऐवजी ‘ऑडिट’, ‘टॅक्स’, ‘अकाउंट्स’ अशा गटांना देण्याची ही चांगली संधी असते.

जुना सर्व्हर लगेच पुसून टाकण्याचा मोह आवरावा. लॅपटॉपांवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल, तर त्याच्या पुनर्प्राप्तीच्या किल्ल्या जुन्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतच ठेवलेल्या असू शकतात. त्या नोंदवून घेईपर्यंत ते यंत्र बंद करून का होईना, पण शाबूत असावे.

किमतीचे म्हणाल, तर पर्सनल आवृत्ती मोफत आहे. परवान्याच्या अटी वाचून ती घ्यावी. तिच्यात प्रत्येक संगणकापाशी जाऊन बसावे लागते, पण वीसेक यंत्रांच्या एकाच मजल्यावरच्या कार्यालयात मला ते गैरसोयीचे वाटले नाही. उलट त्या वेळात कर्मचाऱ्यासमोरच त्याचा डेस्कटॉप, प्रिंटर आणि टॅली उघडून दाखवता आले. कार्यालयाच्या शाखा गावोगाव असतील आणि जुन्या-नव्या खात्यांची यादी एकदाच देऊन सगळी यंत्रे दुरून हलवायची असतील, तर कॉर्पोरेट आवृत्तीचे पैसे मोजणेच शहाणपणाचे ठरेल.