आवडेल तेथे उतरा, सीट मिळेल तेव्हा चढा: बस-पासवर न्यूझीलंडचं दक्षिण बेट

पास घेतला डिसेंबरात. आता जून उजाडलाय आणि त्यातला एक टप्पा अजून शिल्लक आहे. त्यामुळे 'बारा दिवसांत अख्खं दक्षिण बेट' छापाचं काही इथे मिळणार नाही. मी वेलिंग्टनला नोकरी करते, वय चव्वेचाळीस, रजा मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. म्हणून बॅकपॅकर पोरंपोरी वापरतात तो हॉप-ऑन हॉप-ऑफ पास घेतला. बस एका ठरलेल्या वर्तुळात, एकाच दिशेने फिरते. वाटेत कुठेही उतरा, राहा, मागून येणाऱ्या बसने पुढे जा. मुदत वर्षभर.

सांगलीला फोनवर आईला हे समजावलं तर म्हणाली, "अगं, मग एसटीचा 'आवडेल तेथे' पासच की!"

मलाही तसंच वाटलं होतं. पण एसटीत पास दाखवला की कंडक्टर फार तर उभं राहायला लावतो, खाली उतरवत नाही. इथे उभ्याने प्रवास नाही. प्रत्येक टप्प्याची सीट ॲपवर आधी धरावी लागते आणि सीझनमध्ये बस भरली की तुमचा वर्षभराचा पास तुमच्या खिशात आणि तुम्ही हॉस्टेलच्या पायरीवर. हे घेण्यापूर्वी कुणी सांगितलं नाही. म्हणजे अटींमध्ये लिहिलं असणार, पण अटी कोण वाचतं.

पहिला हप्ता पिक्टन ते ग्रेमाउथ. वेलिंग्टनहून फेरीला साडेतीन तास लागतात. कुक सामुद्रधुनीत पोटातलं ढवळून निघतं आणि शेवटच्या तासाभरात क्वीन शार्लट साउंडमध्ये, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यात, शिरल्यावर पाणी एकदम तळ्यासारखं निवांत होतं. पुढे बस. ड्रायव्हरच गाइड, तोच माइकवरून किस्से सांगणारा, आणि तोच विक्रेताही. पहिल्या तासातच सुतळीने पेन बांधलेला एक क्लिपबोर्ड सीटवरून सीटवर फिरायला लागतो. पुढच्या मुक्कामी बेड हवा का, कयाक हवी का, स्कायडायव्हिंग करणार का. शेजारची जर्मन मुलगी भराभर खुणा करत होती, मीही केल्या. संध्याकाळी हिशेब केला तर तीनशे डॉलर गेले होते. नंतर मी शहाणी झाले. पंगतीत आग्रहाचं वाढप चुकवायला पानावर हात आडवा धरतो ना, तसा क्लिपबोर्ड न बघताच पुढे सरकवायचा.

कायतेरितेरीला उतरून तीन रात्री राहिले, तो या पासाचा सगळ्यात चांगला उपयोग. एबल टास्मन हे १९४२ साली झालेलं, देशातलं सगळ्यात लहान राष्ट्रीय उद्यान. ग्रॅनाइट झिजून झालेली पिवळीधमक वाळू, आणि वॉटर टॅक्सीने एका किनाऱ्यावर सोडलं की दिवसभर चालत दुसऱ्यावर यायचं. माझ्या बसमधली निम्मी मंडळी दुसऱ्याच दिवशी सकाळी पुढे गेली. त्यांनी वाळू तेवढी पाहिली.

याउलट पुनाकाइकीला मी चुकले. तिथे चुनखडीच्या खडकाचे पातळ थर आंबोळ्या एकावर एक रचाव्यात तसे उभे आहेत आणि मधल्या भोकांतून समुद्र फवारे उडवतो. पण भरतीला. आमची बस चाळीस मिनिटं थांबली ती नेमकी ओहोटीला. आंबोळ्या दिसल्या, फवारा शून्य. वेळापत्रक बसचं असतं, समुद्राचं नाही, तेव्हा निघण्याआधी भरतीच्या वेळा बघा आणि जुळत नसतील तर तिथे रात्र काढा.

ग्रेमाउथला उतरून ट्रान्झअल्पाइन रेल्वेने क्राइस्टचर्चला गेले आणि विमानाने घरी. तो २२३ किलोमीटरचा, पाचेक तासांचा प्रवास पासात नाही, पण देशावरच्या माणसाने करावाच. पश्चिमेला झाडांवर शेवाळ लोंबतंय, ढग खाली आलेत, पाऊस लागलाय. ओटिराचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आणि आर्थर्स पास मागे पडला की तासा-दोन तासांत गवत पिवळं, आभाळ मोकळं. महाबळेश्वर सोडून दहिवडीकडे उतरावं तसं. टास्मन समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे सदर्न आल्प्सला अडतात आणि सगळं पाणी अलीकडेच सोडतात. माणदेश नावाने वेगळा, कारण तेच.

आणि याच वाऱ्यांमुळे पुढच्या हप्त्यातली हिमनदी जिवंत आहे.

फेब्रुवारीत फ्रान्झ जोसेफला, म्हणजे त्याच नावाच्या हिमनदीखालच्या गावाला, दोन रात्रींसाठी गेले आणि पाच रात्री राहिले. तिथला बर्फ वर खूप उंच साठतो आणि घसरत घसरत समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे मीटरवर, झाडनेच्यांच्या ओल्या जंगलापर्यंत येतो. माओरी नाव 'का रोइमाता ओ हिने हुकातेरे', म्हणजे हिने हुकातेरेचे अश्रू. तिचा प्रियकर डोंगरावर हिमकड्याखाली गेला, तिचे अश्रू वाहिले ते गोठले, अशी कथा. पूर्वी दरीतून चालत जाऊन बर्फावर चढता यायचं. हिमनदी आक्रसत गेली, पुढचं तोंड ढासळू लागलं आणि २०१२ पासून ते बंद झालं. आता बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टर, आणि त्याला सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात.

पहिल्या दिवशी ढगांमुळे रद्द. दुसऱ्या दिवशी बूट चढवून, कागदावर वजन लिहून, रांगेत बसवलं आणि पुन्हा रद्द. बस सकाळी गेली, ओळखीच्या झालेल्या सगळ्यांना घेऊन. मी राहिले, कारण त्यासाठीच तर पास घेतला होता. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. वर जवळपास तीन तास मिळाले. गाइड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने बर्फात पायऱ्या खोदत पुढे, आम्ही बुटांना काटे बांधून मागे. लांबून पांढरी दिसणारी हिमनदी जवळून मळकी असते, वर खडकाची राखाडी भुकटी. पण एका भेगेत वाकून पाहिलं तर आत निळा. नीळ घातलेल्या बादलीत धोतर बुडवण्याआधी पाणी दिसतं ना, तोच निळा. खाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

खाली येऊन ॲप उघडलं, पुढच्या दोन दिवसांच्या बस भरलेल्या. ग्राहकसेवेला फोन केला तर छान हसऱ्या आवाजात 'रद्द झालेल्या सीटवर लक्ष ठेवा' असं उत्तर. क्वीन्सटाउनच्या दोन रात्रींचे पैसे बुडाले, ऑफिसला एक दिवस जास्तीची रजा कळवली. राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्या दोन दिवसांत पीटर्स पूलला सकाळी एकटी जाऊन बसले. हिमनदी मागे सरताना गाडल्या गेलेल्या बर्फाच्या ढेकळाने केलेला खळगा, आता तळं. वारा पडलेला असेल तर पाण्यात उलटी हिमनदी दिसते.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी असते, जाणारे लोक उरलेला शिधा तिथे ठेवून जातात. त्यावर कुणाचे तरी अर्धा किलो तांदूळ आणि लाल मसूर सापडले. माझ्याकडे डबीत गोडा मसाला होता. खिचडीच्या वासाने एक कोरियन मुलगा आणि ब्राझीलची दोघं ताटल्या घेऊन आली. गावातला पूल २०१९ च्या मार्चमधल्या पुरात वाहून गेला होता आणि १८ दिवसांत नवा बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून केलेला) उभा राहिला, हे त्या रात्री हॉस्टेलवाल्याने सांगितलं. ज्या नदीने तो नेला, तिचा खडखडाट रात्री खोलीत ऐकू येत होता.

पुढे हास्टकडे रस्ता काही ठिकाणी समुद्राला चिकटून जातो, मोबाइलची रेंज बराच वेळ गायब, म्हणून पुढची सीट आधीच धरून ठेवा. ड्रायव्हरला सलग साडेपाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती कायद्याने सक्तीची आहे, त्यामुळे बस मधे थांबतेच, आणि थांबली की सँडफ्लाय. चिलटाएवढ्या, आवाज न करता घोट्याला चावतात, खाज आठवडाभर टिकते. लांब मोजे घाला, बाकी उपाय मला लागू पडले नाहीत. हास्ट पास जेमतेम ५६० मीटर उंच, आपल्या घाटांच्या मानाने काहीच नाही. क्वीन्सटाउनच्या अलीकडे कावाराउ पुलावर अर्धा तास थांबलो. १९८८ मध्ये व्यावसायिक बंजी उडी इथे सुरू झाली, ४३ मीटर. मी चहा घेतला.

तिसरा हप्ता एप्रिलमध्ये. मिलफर्ड साउंड क्वीन्सटाउनहून सरळ रेषेत जवळ, पण रस्त्याने 'ते आनाऊ' नावाच्या गावाला वळसा घालून जवळपास २९० किलोमीटर, जाऊन-येऊन बारा-तेरा तास बसमध्ये. १९५४ साली सुरू झालेल्या होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो तर केआ पोपट येऊन पुढच्या गाडीच्या खिडकीचं रबर उपसायला लागले. इथे वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आंबोलीवाल्यांना नवल वाटणार नाही. आमच्या दिवशी धो-धो होता. लोक हळहळत होते, मी नाही. कोरड्या दिवशी मोजकेच धबधबे असतात, त्या दिवशी काळ्या कड्यांवरून शेकड्याने पडत होते. परतीच्या पाच तासांत मात्र पाठीने मान टाकली. पुन्हा गेले तर 'ते आनाऊ'ला राहीन. टेकापो-क्राइस्टचर्च टप्प्याबद्दल विशेष नाही, तळं निळं आहे, गर्दी फार आहे.

पैशांचं विचाराल तर नुसतं इथून तिथे जायचं असेल तर इंटरसिटीची साधी बस पुरते. दोघं-तिघं असाल आणि गाडी चालवता येत असेल तर भाड्याची गाडी घ्या. एकट्या बाईला, वळणांवर गाडी चालवायची हौस नसताना, हा पास बरा पडला. बायकांचं वेगळं डॉर्म मागून घ्यायचं आणि बसमध्ये पुढची सीट. मागे रात्रीच्या पार्टीची उजळणी चालते.

राहिलाय तो क्राइस्टचर्च-कायकोरा-पिक्टन टप्पा. २०१६ च्या नोव्हेंबरातल्या ७.८ च्या भूकंपाने तिथला समुद्रतळ काही ठिकाणी वर उचलला गेला आणि हमरस्ता वर्षभर बंद होता. किनाऱ्याजवळच समुद्रात खोल दरी असल्याने स्पर्म व्हेल दिसतात म्हणे. हिवाळ्यात बस रोज नाही. ऑगस्टातले पहिले दोन शनिवार भरलेत, तिसऱ्याला एक सीट दिसतेय, सकाळी सातची, बहुधा मागची.