राणी रंगाचे क्लीट्स : सात महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑगस्टमध्ये लेकासाठी राणी रंगाचे फुटबॉल क्लीट्स, म्हणजे तळाला खुंट्या (स्टड) असलेले बूट, घेतले. सोबत ग्लोव्ह्ज, मोजे, टॉवेल, दातांवर बसवायचा माउथगार्ड आणि हाताची स्लीव्ह, सगळं गुलाबी. आता मार्च संपत आलाय. पूर्ण सीझन, मग थंडीतला सराव आणि आता शनिवार-रविवारचं मैदानावरचं पळणं, एवढं या सामानाने सोसलंय. ते रोज धुणारी, वाळवणारी, चिकटवणारी मी असल्यामुळे त्याच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे असं मला वाटतं.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रनिंग बॅक खेळतो, म्हणजे चेंडू काखोटीला मारून समोरच्या गर्दीतून वाट काढत पळायचं. कोल्हापूरकर ज्याच्यावर जीव टाकतात त्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात आणि त्याचे बूट वेगळे. अमेरिकन फुटबॉलच्या क्लीट्सना चवड्याच्या अगदी टोकाला एक जादा स्टड असतो, वाकून बसलेल्या स्थितीतून एकदम सुटताना तोच जमीन पकडतो. हे बूट घालून लहान मुलांच्या बऱ्याच सॉकर लीगमध्ये उतरू देत नाहीत. दोन्ही खेळ खेळणारं मूल घरात असेल तर एकाच जोडीत भागवायचा विचार सोडून द्या.

आणि गुलाबी का, तर माझ्यामुळे. गुलाबी हा ब्रेस्ट कॅन्सरच्या, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या, जागृतीचा रंग आणि ऑक्टोबर हा त्या जागृतीचा महिना. अडीच वर्षांपूर्वी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, नेहमीच्या मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ दिसली. हाताला काही लागत नव्हतं, दुखत नव्हतं. ऑपरेशन झालं, काखेतल्या काही लिम्फच्या गाठी काढल्या, केमो झाली, रेडिएशन झालं. आज मी बरी आहे. ऑक्टोबरमध्ये शाळेचा गुलाबी सामना असतो, त्या एका शुक्रवारी सगळी टीम गुलाबी मोजे घालते. लेक म्हणाला, "आई, मी एक दिवस नाही, पूर्ण सीझन घालणार." कोचनी हरकत घेतली नाही.

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं तेही सांगते. डीअँजेलो विल्यम्स नावाचा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, रनिंग बॅक होता. त्याची आई सँड्रा हिल 2014 साली, 53व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरने गेली. त्याच्या चार मावश्याही त्याच आजाराने गेल्या होत्या. 2015 मध्ये त्याने लीगकडे पूर्ण सीझन गुलाबी घालायची परवानगी मागितली आणि लीगने नकार दिला. ऑक्टोबरपुरतं गुलाबी चालेल, पुढे नाही. त्याने मग आपल्या लांब केसांची टोकं गुलाबी केली, केसांना कोण अडवणार? आणि आईच्या वयाइतक्या, 53 बायकांच्या मॅमोग्रामचे पैसे भरले. पुढच्या वर्षी लीगने स्वतःच खेळाडूंना एका आठवड्यासाठी आपापल्या आवडीच्या कामासाठी रंगवलेले क्लीट्स घालायची मुभा दिली. लेकाच्या मनात राहिला तो 53 हा आकडा. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आता बूट. ब्रँडचं नाव लिहीत नाही, दरवर्षी मॉडेल बदलतं आणि माझा अनुभव एका जोडीचा आहे. काय बघून घ्यायचं ते सांगते.

आम्ही मोल्डेड घेतले, म्हणजे स्टड सोलमध्येच ओतलेले. स्क्रूने बदलता येणारेही मिळतात आणि चिखलाच्या गवतावर ते बरे पडतात, पण शाळेचं मैदान टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं आहे. टर्फवर लांब स्टड रुतून बसतात, अंग वळतं पण पाय वळत नाही आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो. बदलते स्टड घेतलेच तर हायस्कूलच्या नियमात स्टडची लांबी अर्ध्या इंचापेक्षा जास्त चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचे पंजे रुंद असतात. पहिली जोडी आम्ही नेहमीच्या मापाने मागवली आणि तीन दिवसांत उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. ती परत केली, 'वाइड' मापाची घेतली, तेही संध्याकाळी दुकानात जाऊन, सरावाचे जाड मोजे घालून. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, सामन्यातही तसेच असतात. किंमत 75 डॉलर. घोट्याच्या वर येणारा काठ त्याला पहिले दोन आठवडे टोचला, मग मऊ पडला. पकड उत्तम. सप्टेंबरच्या दुसऱ्या सामन्यात पाऊस कोसळत होता, बाकीची मुलं घसरत होती, हा एकदाही पडला नाही. म्हणजे आपणहून पडला नाही, पाडला पुष्कळदा.

सहाव्या आठवड्यात उजव्या बुटाचा सोल पुढून उकलला. तोच चवड्याचा स्टड, तिथेच सगळा जोर येतो. कंपनीला फोटो पाठवले, 'नेहमीची झीज' असं उत्तर आलं. दीड महिन्यात उकलणं ही नेहमीची झीज नव्हे, याचा मला राग आला आणि अजून आहे. बुटांचा गोंद आणला, आतली माती टूथब्रशने काढली, पूर्ण वाळू दिलं, गोंद भरून रबरबँड गच्च गुंडाळले आणि वर रात्रभर खलबत्ता ठेवला. तो जोड आजही टिकून आहे. ज्यांना हे करायचंय त्यांनी वाळवण्यात घाई करू नये, ओल राहिली की गोंद धरतच नाही.

धुणं हा माझा रोजचा विषय. टर्फमधले रबराचे काळे कण बुटातून, मोज्यांतून घरभर येतात, जमिनीवर मोहरी सांडल्यासारखे दिसतात. बूट दाराबाहेर उलटे करून झटकायचे, आतला सोल वेगळा काढायचा, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. वॉशिंग मशीन नको, ड्रायर तर अजिबात नको, उष्णतेने गोंद सुटतो. ओले असतील तर वर्तमानपत्राचे बोळे. सांगलीत जून-जुलैत शाळेच्या बुटांत आई हेच कोंबायची आणि सकाळी बूट कोरडे मिळायचे. इथे वर्तमानपत्र शोधावं लागतं, एवढाच फरक.

धुताना मी डाव्या हातात रबरी ग्लोव्ह घालते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येऊ शकते, आणि बारीक ओरखड्यातूनही संसर्ग झाला तर सूज वाढते. स्टडच्या कडा झिजून चांगल्या धारदार होतात. ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांनी मुलांचे बूट उघड्या हाताने घासू नयेत.

रंगाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी तो साडीच्या दुकानातला अस्सल राणी होता, लांबून डोळ्यात भरणारा. असे चमकणारे रंग उन्हाला टिकत नाहीत. सप्टेंबरात दोन दिवस बाल्कनीत ऊन लागलं तेवढ्याने एका बाजूचा रंग उतरला. आता डावा बूट राणी आहे आणि उजव्याची बाहेरची बाजू कांद्याच्या सालीसारखी. सावलीत वाळवा. मोजे पहिल्या धुण्यात वेगळेच भिजवा. मी ते सरावाच्या पांढऱ्या पँटबरोबर टाकले आणि पँट कायमची फिकट गुलाबी झाली.

ग्लोव्ह्जचे 40 डॉलर मात्र वाया गेल्यासारखे वाटले. तळव्याला सिलिकॉनचा चिकट थर असतो, चेंडू त्याला धरून राहतो. चार-पाच सामन्यांत तो थर मेला. ओल्या फडक्याने पुसून थोडा परत आला, मग तोही नाही. रनिंग बॅकला एवढ्या चिकट ग्लोव्ह्जची गरजही नसते, पास झेलणाऱ्या रिसीव्हरला असते. पुढच्या वेळी साधे घेणार. माउथगार्ड गुलाबी असणं चांगलंच, कारण हायस्कूलमध्ये पांढरा किंवा पारदर्शक चालत नाही, रेफरीला तो तोंडात आहे हे दिसलं पाहिजे. टॉवेल एका रंगाचा हवा, चेंडूच्या किंवा पेनल्टीच्या पिवळ्या झेंड्याच्या रंगाचा नको. हेल्मेटला आम्ही हात लावला नाही. रंग किंवा रसायनाने कवच कमजोर होऊ शकतं, आणि एका रंगासाठी पोराचं डोकं धोक्यात घालायचं कारण नाही.

आता स्लीव्ह. लेकाची गुलाबी स्लीव्ह आणि माझी कातडीच्या रंगाची, हाताची सूज दाबून ठेवणारी कॉम्प्रेशन स्लीव्ह, दोन्ही एकाच दोरीवर वाळतात. एकदा घाईत मी त्याची ओढून घातली आणि दोन तासांत दंडाला वळ उठला. दोन्ही दिसायला सारख्या, पण माझी स्लीव्ह थेरपिस्टने मनगट, कोपर, दंड अशी मापं घेऊन दिलेली आहे. तिचा दाब मनगटाशी जास्त आणि वर कमी होत जातो. खेळाच्या दुकानातली स्लीव्ह सुजेवर वापरू नका. एका मैत्रिणीने 'स्वस्त पडते' म्हणून विचारलं होतं, तिलाही हेच सांगितलं.

खरेदीच्या वेळी दुकानात एक गोष्ट खटकली. तेच क्लीट्स, तोच रंग, पण खोक्यावर गुलाबी फीत छापलेली असेल तर 20 डॉलर जास्त. खोकं उलटून सगळा मजकूर वाचला, त्यातले किती पैसे कुठे जातात याचा एक शब्द नव्हता. ती फीत कोणीही छापू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन या संस्थेने 2002 साली 'गुलाबी घेण्याआधी विचार करा' अशी मोहीमच सुरू केली. या फितीचा जन्मही तसाच आहे. शार्लट हेली नावाची कॅलिफोर्नियातली बाई घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून अबोली रंगाच्या फिती करायची आणि सोबत कार्ड लावायची, की अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या बजेटमधले फक्त पाच टक्के पैसे प्रतिबंधासाठी जातात. तिच्या आजीला, बहिणीला, मुलीला हा आजार झाला होता. 1992 साली एका मासिकाने तिची फीत मागितली. हे फार व्यापारी होतंय म्हणून ती नाही म्हणाली. मग वकिलांच्या सल्ल्याने त्यांनी रंग बदलून गुलाबी घेतला. त्या अबोलीबद्दल वाचल्यापासून मला फीत नसलेलाच बूट बरा वाटतो. आम्ही फितीविना घेतला आणि वाचलेले 20 डॉलर परळच्या टाटा मेमोरियलला पाठवले.

ऑक्टोबरात लेकाचा फोटो सांगलीला गेला. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, पोरींच्या रंगाचे बूट कशाला?" तो म्हणाला, "आजी, आईच्या आजाराचा रंग आहे. तू तपासून घेतलंस का?" ती गप्प झाली. अडसष्ट वर्षांच्या बाईला नातवाने असं काही विचारलेलं नव्हतं. माझी धाकटी बहीण शेजारीच बसली होती, ती पुढच्याच आठवड्यात जाऊन आली. आई मात्र अजून "मला कुठं काय झालंय" वर अडून आहे.

तिला मशीनची भीती आहे आणि लाजही वाटते. म्हणून मी तिला टाटाचा अभ्यास समजावते. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर 1998 पासून वीस वर्षं तो चालला आणि 2021 साली छापून आला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासायच्या. त्या गटात आजार लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, तर एका बाईने दाराआड पाच मिनिटं तपासलं तरी चालेल, एवढंच मागते. अमेरिकेत चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करा असं सांगतात, आणि माझी गाठ हाताला लागत नव्हती, म्हणून इथल्या मैत्रिणींना मी मॅमोग्रामच सांगते.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाचा शेवटचा सामना झाला. घरी येऊन बूट धुवायला घेतले, लेस सैल करून जीभ बाहेर ओढली, तर आतल्या बाजूला काळ्या मार्करच्या रेघा. चार उभ्या, त्यांवर एक आडवी, आणि पुढे आणखी दोन. विचारलं तेव्हा कळलं, जी बाई तपासणी करून आली तिची एक रेघ. त्याची मावशी, माझी ऑफिसातली मैत्रीण, टीममधल्या तीन मुलांच्या आया, शेजारच्या काकू आणि शाळेच्या बसची ड्रायव्हर. बूट गुलाबी का असं कोणी विचारलं की तो उत्तर द्यायचा आणि उलटा प्रश्न करायचा. मी साबण लावायची थांबले. साबणाने रेघा पुसट होतात, तेव्हापासून दर धुण्यानंतर तो त्या पुन्हा गिरवतो. आज त्या अकरा आहेत.

बुटांची पकड अजून चांगली आहे, पण टाचेकडचे दोन स्टड झिजलेत आणि त्याचा पाय अर्ध्या मापाने वाढलाय. ऑगस्टमध्ये नवे घ्यावे लागतील. तसेच मोल्डेड, वाइड, राणी, फितीविना. रेघा नव्या जिभेवर उतरवून घ्यायच्या असं त्याने ठरवलंय. सांगलीसाठी त्याने पहिल्या रांगेच्याही आधी, डाव्या काठाला जागा सोडली आहे.