अंडी कशात ठेवू: कोंबडीचं मशीन की हर्णैचा खोका?

कॉर्न स्नेकच्या, म्हणजे घरात पाळायच्या नारिंगी अमेरिकी सापाच्या, मादीने अंड्यांआधीची कात टाकली की आठ-दहा दिवसांचा अवधी उरतो, आणि नेमके त्याच दिवसांत साप पाळणाऱ्यांचे फोन येतात. "दादा, सगळं झालं, पण अंडी ठेवू कशात?" जोडी लावण्यावर सगळ्यांनी वाचलेलं असतं. मादी किमान तीन वर्षं, तीनशे ग्रॅम, तीन फूट हवी हा नियम तोंडपाठ असतो. मादीचा अंडी घालायचा डबाही मॉस (शेवाळ) भरून तयार असतो. पुढच्या दोन महिन्यांचा विचार मात्र कोणी केलेला नसतो. मीही केला नव्हता.

आपल्याकडे खिशाला परवडणारे मार्ग दोनच. एक, गावठी कोंबड्यांची अंडी उबवायला मिळतं ते पारदर्शक झाकणाचं ऑटोमॅटिक मशीन. दुसरा, हर्णैच्या जेटीवर मासे भरायला वापरतात तो थर्मोकोलचा खोका, आत हीटर वगैरे काही नाही. मी एक हंगाम मशीनवर काढला (२०२३) आणि एक खोक्यावर (२०२४). दोन हंगाम म्हणजे अभ्यास नव्हे, हे मला कळतं. शिवाय माझं घर दापोलीजवळ, कौलारू, मातीच्या भिंतींचं. तुमचा रत्नागिरीत स्लॅबखालचा फ्लॅट असेल तर खालचं सगळं जरा सांभाळून घ्या.

आतला डबा दोन्हीकडे एकच, त्यामुळे त्याचं दोन वाक्यांत उरकतो. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओला व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांत घालतात ते पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज): मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाण्याचा थेंब गळू नये. दापोलीच्या आसपास नर्सऱ्यांना तोटा नाही, गुटी कलमाला लागणारं मॉस आणि व्हर्मिक्युलाइट दोन्ही तिथे मिळतं. नारळाच्या सोडणाचा भुसा फुकट मिळतो म्हणून कोणी वापरायला सांगेल. पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी धरते, मी नाही वापरत. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवू नका, वरच्या बाजूला पेन्सिलने ठिपका द्या आणि ती बाजू वरच राहू द्या.

आता मशीनबद्दल.

त्याच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. आकडा दिसतो. माणसाला आकड्याचा फार आधार असतो, विशेषतः पहिल्यांदा. अठ्ठावीस अंश लावलं की अठ्ठावीस दिसतं आणि आपण निवांत जेवायला बसतो. अंडी फिरवणारी मोटर बंद करावी लागते, कारण सापाचं अंडं फिरवायचं नसतं. माझ्या मशीनमध्ये ती जाळी सरळ काढून ठेवता आली. पंख्याने डबा सुकतो, पण झाकणाला दोनच बारीक भोकं ठेवली तर तेवढं चालून जातं. आणि दिवस नेमके मोजता येतात. माझी मे अखेरची अंडी अठ्ठावन्नाव्या दिवशी फुटायला लागली. ज्याला सुट्टी टाकायची आहे, ज्याच्या घरी गणपतीला मुंबईची माणसं उतरणार आहेत, त्याच्यासाठी हे लहानसहान सुख नाही.

पण एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. हे मशीन फक्त तापवतं, गार करत नाही. मे अखेरीला, जूनच्या सुरुवातीला आमच्या माजघरातच दुपारी बत्तीस होतं. तेव्हा मशीनमधला हीटर बंदच, पंखा मात्र बाहेरचीच गरम हवा आत खेळवतोय. म्हणजे ज्या पंधरा दिवसांत खरी भीती गरमीची, त्या पंधरा दिवसांत हे यंत्र म्हणजे एक दिवा लावलेला डबा. मी तेव्हा त्याच्यावर ओला पंचा टाकून बसायचो. आईने विचारलं, "मशीनला ताप आलाय काय?"

हेही एक वेळ सोसलं असतं. ज्यासाठी मी मशीन सोडलं ती गोष्ट वेगळी.

लाईट गेली आणि परत आली की माझं मशीन लावलेला आकडा विसरायचं आणि कोंबडीच्या आकड्यावर, साडेसदतीसवर, जाऊन बसायचं. शिवाय तापमान त्याहून कमी आहे म्हणून बीप-बीप करायचं. सगळी मशीन असं करतात असं मी म्हणत नाही, माझं करायचं. पहिल्या दोन-तीन वेळा मी जागा होतो, हसलो, परत अठ्ठावीस लावलं. पुढे मग सवयच लागली: लाईट आली की पंखा लावायच्या आधी मशीनकडे धाव. रात्री बीप ऐकून उठायचं. बायको म्हणायची, घरात तान्हं मूल असतानासुद्धा तू एवढा उठत नव्हतास. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस धरला आणि लाईट दिवसातून पाच-सहा वेळा जायला लागली. एका रात्री अकराला गेली. मी बारापर्यंत वाट बघितली आणि झोपलो. पत्र्याच्या पडवीवर पाऊस असा बडवत होता की बीप कसला, नळ फुटला असता तरी ऐकू आला नसता. सकाळी साडेसहाला उठलो तर मशीनवर ३६.९.

लाईट कधी आली होती कोणास ठाऊक. शेजारच्या काकू म्हणाल्या तीनच्या सुमारास. मी डबा काढून कोब्यावर ठेवला, झाकण उघडलं. अंडी वरून तशीच, पांढरी, टपोरी. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर शिरा दिसत होत्या. दोन दिवसांनी बारा अंड्यांतला फरक कळायला लागला. चार पिवळी पडत गेली, शिरा फुटून पुसट झाल्या. आठ फुटली. त्यातल्या एका पिल्लाच्या पाठीला शेपटीच्या वर गाठ होती, ते जगलं नाही. हे सगळं त्या एका रात्रीचंच, असं छातीठोक सांगता येणार नाही. आधीच्या गरमीचाही वाटा असेल. पण बाराची सात होताना मी बघितलीत, आणि त्या बीपचा आवाज मला अजून कुठेही आला की मान वळते.

यावर इन्व्हर्टर हा उपाय आहेच. चिपळूणचा एक मित्र सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा वेगळा थर्मोस्टॅट आणि इन्व्हर्टर लावून मशीनच वापरतो, २०२१ च्या पुरानंतर वरच्या मजल्यावर, आणि त्याची पिल्लं घड्याळ लावल्यासारखी येतात. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मला प्रश्न पडतो तो एवढाच, की आपल्याकडची लाईट तासाभरासाठी जाते तेव्हा इन्व्हर्टर पुरतो; पण ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा माझ्याकडे साप नव्हते. पण अंड्यांचे दिवस आणि वादळाचे दिवस आपल्या किनाऱ्यावर एकच आहेत, हे त्या वर्षीपासून डोक्यात राहिलं.

खोका हर्णैच्या लिलावावरून आणला, जाड भिंतींचा, सुरमईचा. तीन वेळा धुतला, चार दिवस उन्हात टाकला, तरी आमच्या मांजराला पटलं नाही. पहिला आठवडाभर ते झाकणावर बसून पहारा देत होतं. खोक्यात खाली दोन लिटरच्या पाण्याने भरलेल्या चार बाटल्या आडव्या, त्यावर जाळी, जाळीवर अंड्यांचा डबा. कडेला एक साधा तापमापक, ज्याची वायर झाकणाखालून बाहेर येते. झाकण घट्ट, पण दिवसातून एकदा उघडून वारा द्यायचा. बस.

मुंग्यांची तेवढी खबरदारी घ्यायला लागते. फुटायच्या दिवसांत अंड्याला चीर गेली की लाल मुंग्यांना लगेच कळतं. आजीच्या दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे ना, तसं स्टुलाचे पाय वाट्यांत ठेवले. वाट्यांत पाणी आटू द्यायचं नाही, एवढंच काम.

मे-जूनच्या उकाड्यात बाटल्यांतलं पाणी रात्रीचा गारवा धरून ठेवतं, दुपारचं तापमान खोक्यात दोन-अडीच अंशांनी कमीच राहतं. बाहेर बत्तीस, आत साडेएकोणतीस. पाऊस लागला की उलटा हिशोब: जुलै-ऑगस्टमध्ये घरात पंचवीस-सव्वीस होतं, मग मी सकाळी दोन बाटल्या कोमट पाण्याच्या बदलतो. आकडा स्थिर राहत नाही. चोवीसपासून तीसपर्यंत सगळं मी त्या वायरीवर बघितलंय. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येईल, मान्य. पण सापाच्या अंड्याला थोड्या वेळाचा गारवा फक्त उशीर करतो, मारतो तो चटका. काही तास बावीस झालं तर पिल्लू थोडं उशिरा येईल. काही तास सदतीस झालं तर काय होतं ते वर सांगून झालं. माझ्या मनात तराजू इथे झुकला. मशीन बिघडतं तेव्हा वर जातं, खोका बिघडला तरी खाली जातो.

वेळासला कासवांची अंडी २००२ पासून वाळूतल्या हॅचरीत जपतात, तिथे कुठला पंखा आणि कुठलं बटण! ऑलिव्ह रिडलीची गोष्ट वेगळी, तिथे वाळूच्या तापमानावर नर-मादी ठरते, आपल्या सापांत तसं नाही. पण त्या कुंपणाशी उभं राहिलं की एवढी धास्ती घ्यायचं कारण नव्हतं असं वाटतं खरं.

खोक्याचं जे खरंच खटकतं ते दिवस. २०२४ला मादीने २२ जूनला अंडी घातली, तेरा, त्यातली एक फोल. पहिली चीर दिसली ३ सप्टेंबरला, म्हणजे त्र्याहत्तराव्या दिवशी. साठाव्या दिवसापासून मी रोज टॉर्च मारत होतो, अंडी दबलेली दिसत होती (शेवटी ती दबतातच, घाबरू नका), आणि काहीच होत नव्हतं. गणपती सातला. घरात चौदा माणसं उतरायची होती, त्यात एक आत्या अशी की पालीला बघून पलंगावर चढते. पिल्लांची पहिली कात गौरीच्या दिवसांत झाली. अकरा छोटे डबे माळ्यावर, फणसाच्या साठांच्या डब्यांशेजारी, आणि मी आरती चालू असताना वर जाऊन मोजून येतोय. अकरा. पहिला पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू) विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दिला. मशीनवर असतं तर ही धांदल ऑगस्टमध्येच संपली असती. ज्याला तारखा सांभाळायच्या आहेत त्याने याचा विचार नक्की करावा.

बारातली अकरा, हा खोक्याचा हिशोब. बारावं अंडं मी ओलं मॉस त्याच्यावर टाकून स्वतः घालवलं, बुरशी धरली. खोक्याचा दोष नाही.

खाण्याबद्दल थोडंच: उबवणं हे सोपं काम आहे. अकरा तोंडांना पुरतील एवढे एक दिवसाचे पिंकी पावसाळ्यात कोकणात मिळवणं हे अवघड. अंडी घालायच्या आधी ती सोय बघा, आणि फ्रीजरमध्ये साठा करणार असाल तर लाईटचा वरचा सगळा परिच्छेद पुन्हा वाचा.

आणि कागदांचं. बॉल पायथन (पाळला जाणारा दुसरा एक परदेशी साप) सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. तरी जोडी घेतल्याची पावती जपा, कारण आपल्या गावात नारिंगी साप आणि धामण यांत फरक करणारे थोडे, आणि धामण घरात ठेवणं १९७२च्या कायद्याने गुन्हा आहे. पिल्लं जास्त झाली म्हणून बागेत सोडायची नाहीत, हे सांगायला नको. ती अमेरिकेतली जात आहे. कॅरिबियनमधल्या बेटांवर अशीच माणसांमागून पोहोचून बसली आहे.

तर, तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, मशीन आकडा लक्षात ठेवतं हे तुम्ही स्वतः प्लग काढून-लावून तपासलं असेल, आणि घरात मेमध्ये तीसच्या वर जात नसेल, तर मशीन घ्या, वाईट नाही. नाहीतर आगोटीच्या आधी एखाद्या रविवारी जेटीवर जा. खोका शोधताना झाकण घट्ट बसतं का तेवढं बघा, वासाचं नंतर बघता येतं.

माझं मशीन मी शेजारच्या काकूंना दिलं. त्यांची एक कोंबडी खुडूक बसायची थांबली होती. मागच्या महिन्यात चोवीस अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. लाईट जाऊन आली की ते अजूनही साडेसदतीसवरच येतं म्हणे. काकूंना बीपचा त्रास होत नाही, त्यांना रात्री ऐकू कमी येतं.