‘डेड’ की ‘हू’: साठच्या दशकाअखेरच्या रॉक मैफली कोणापासून ऐकायला सुरुवात करावी?

१८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी महोत्सवात दुपारी रविशंकर आणि अल्ला रखा यांची मैफल झाली आणि त्याच रात्री ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडने वाद्यांची मोडतोड करून सोडलेल्या रंगमंचावर लगोलग ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी बँडला उभे राहावे लागले. त्या काळातील रॉक मैफल ऐकू पाहणाऱ्या नवख्या श्रोत्याने याच दोघांतून निवड करावी, असे मला वाटते. डेडचे ‘लाइव्ह/डेड’ (१९६९) आणि हूचे ‘लाइव्ह ॲट लीड्स’ (१९७०) ही त्यासाठीची दोन मुख्य ध्वनिमुद्रणे.

डेडचे बस्तान सॅन फ्रान्सिस्कोत होते. तेथील ॲव्हलॉन आणि फिलमोर वेस्ट या नृत्यगृहांत ते एकाच ठिकाणी सलग काही रात्री वाजवत, समोरचा ओळखीचा श्रोता नाचत असे आणि घाई कोणालाच नसे. त्यामुळे ‘डार्क स्टार’ ही एकच रचना तेवीस मिनिटे चालते आणि तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापते. स्टुडिओतील खर्चामुळे रेकॉर्ड कंपनीचे कर्ज डोक्यावर चढले होते, तेव्हा १९६९च्या सुरुवातीला सोळा ट्रॅकचे (सोळा आवाज वेगवेगळे टिपणारे) ध्वनिमुद्रण यंत्र सभागृहात नेऊन हा संग्रह त्यामानाने स्वस्तात मुद्रित करण्यात आला. त्यातील ‘द इलेव्हन’ अकरा मात्रांत बांधलेली आहे. दोन ढोलवादकांपैकी मिकी हार्ट याने अल्ला रखांकडून लयीचे धडे घेतले होते, हे कळल्यावर त्याचे नवल वाटत नाही. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला हा पसारा परका वाटणार नाही, मात्र पहिली पाच-सात मिनिटे धीर धरावा लागतो.

हूची घडण वेगळी आहे. १९६७च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत ‘हर्मन्स हर्मिट्स’ या पॉप बँडच्या आधी वाजवत फिरले, दुसऱ्यासाठी आलेल्या गर्दीला थोड्या वेळात काबीज करायचे, तर सुरुवातीपासूनच जोर लावावा लागतो, आणि तो जोर पुढेही त्यांच्या वादनात टिकला. १९६९च्या दौऱ्यातील ध्वनिफिती ऐकत बसण्याला कंटाळून हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने त्या जाळायला लावल्या, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्यानंतर इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात १४ फेब्रुवारी १९७० रोजी आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात मुद्रण झाले. हलच्या पहिल्या काही गाण्यांत बेस गिटारच मुद्रित न झाल्याने लीड्सची निवड झाली. एक गिटार, एक बेस, एक ढोलवादक आणि गायक एवढ्यांतून निघणारा तो दणका ऐकताना माणसे मोजून पाहावीशी वाटतात.

वेळ कमी असेल, तर लीड्सची मूळ सहा गाण्यांची आवृत्ती आधी घ्यावी. पुढे वाढवलेल्या आवृत्त्या चांगल्या असल्या, तरी पहिल्याच ऐकण्यात त्या दमवतात. रात्र मोकळी असेल आणि ऐकण्याची बैठक पक्की असेल, तर माझे मत निःसंशय डेडच्या बाजूने आहे. १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवावरून मात्र त्यांची पारख करू नये: तेथे ओल्या रंगमंचावर त्यांना विजेचे झटके बसत होते आणि ते वादन फसले, असे ते स्वतःच सांगत.