ग्रंथालयातले सेन्सरचे दिवे, आरएफआयडी आणि किऑस्क : आठ महिन्यांनंतर

गेल्या मंगळवारी एम.ए.ची एक मुलगी काउंटरवर आली. रॅकांमधल्या मागच्या गल्लीत जुन्या मासिकांचे बांधीव अंक घेऊन टिपणं काढत बसली होती आणि दिवे पुन्हा गेले. सातव्यांदा तक्रार नोंदवली, आणि ठरवलं की आता सविस्तर लिहायचंच.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव विभागात आहे. आठ महिन्यांपूर्वी पुस्तकांना आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिप), वाचकाने स्वतःच पुस्तकाची देवघेव करायचं यंत्र म्हणजे किऑस्क, रॅकांच्या गल्ल्यांत सेन्सरचे दिवे आणि अभ्यासिकेच्या एसीला टायमर असं सगळं एकदम आलं. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आधीपासून होतंच.

टॅगबद्दल तक्रार नाही. पूर्वी साठा पडताळणीला एकेक पुस्तक काढून दाखल क्रमांक रजिस्टरशी ताडायचा, सगळी उन्हाळी सुट्टी धुळीत जायची. आता टॅग वाचणारा रीडर रॅकवरून फिरवला की झालं. पातळ पुस्तिका एकमेकींना चिकटून असल्या तर एखादी सुटते, तेवढी हाताने बघतो. भलत्याच रॅकवर गेलेली कितीतरी पुस्तकं यंदा सापडली. वाचकाच्या दृष्टीने ती हरवलेलीच होती.

आता दिवे. हे पीआयआर सेन्सर माणूस बघत नाहीत, अंगाची ऊब हलली की त्यांना कळतं. जिन्यात, स्वच्छतागृहात उत्तम. पण ग्रंथालयात माणूस येतोच मुळी एका जागी बसायला! पान उलटताना हात हलतो तेवढं त्यांना पुरत नाही. कंपनीचा माणूस तीनदा आला, सेन्सरखाली उभं राहून हात हलवला, दिवा लागला, 'सेन्सर ओके' लिहून सही घेऊन गेला. गल्लीत वीस मिनिटं वाचत बसून बघा म्हटलं, तर त्याला वेळ नव्हता. मला खरंच संताप आला.

पण दोन महिने मी सेन्सरच खराब आहे म्हणत होतो, ते चूक होतं. आमच्या वायरमनने शिडी लावून झाकण काढलं, तर आत वेळेचा स्क्रू अगदी कमीवर ठेवलेला. तो वीस मिनिटांवर नेला आणि चार गल्ल्यांतल्या तक्रारी थांबल्या. कुणाला पैसा लागला नाही. पाचव्या गल्लीत मात्र सेन्सर टोकाला आहे आणि मध्ये लोखंडी रॅक, त्यापलीकडची ऊब त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो सेन्सर हलवायला हवा. कंपनी म्हणते, ते करारात नाही, वेगळे पैसे पडतील.

मग मी हिशोबच मांडला. एका गल्लीत वीस वॅटचे बारा एलईडी, म्हणजे २४० वॅट. दहा तासांचे २.४ युनिट. निम्मा वेळ दिवे बंद राहिले तर वाचले १.२ युनिट. अभ्यासिकेतला दीड टनाचा एक एसी जोरात चालला की तासाभरात साधारण तेवढी वीज खातो! म्हणजे रिकाम्या खोलीत एक एसी तासभर चालू राहिला, की एका गल्लीची दिवसभराची बचत गेली. स्टार लेबलच्या नव्या एसींना २०२० पासून सुरुवातीलाच २४ अंश लावून द्यायचा नियम आहे, पण कुणीतरी रिमोटने १८ करतंच. आता रिमोट माझ्या खणात असतो, आणि टायमर रात्री आठला सगळे बंद करतो. आठ महिन्यांत त्याने एकदाही त्रास दिला नाही. या सगळ्या खर्चात मला पटलेली वस्तू तीच, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

किऑस्कची थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापली जाणारी) पावतीही मी बंद करायला लावली. महिन्याभरात अक्षरं उडतात आणि तो कागद रद्दीत चालत नाही. कोहा ईमेल पाठवतंच, परतीची तारीख त्यात असते. ज्यांना ईमेलची सवय नाही, त्यांच्यासाठी पुस्तकातल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारतो.

पाचव्या गल्लीसाठी सेन्सर काढून साधं बटण बसवा, असा अर्ज दिला आहे. तोवर चार्जिंगचा एक टेबल-दिवा काउंटरवर ठेवलाय. ओळखपत्र ठेवायचं आणि घेऊन जायचा. मंगळवारी ती मुलगी तोच घेऊन ग्रंथालय बंद होईपर्यंत बसली होती.